नसलेला रफार

२ सप्टेंबर, सोमवार

माझ्या हातून एक चूक सुटल्याचं आज कळलं. एकतीस वर्षांत पहिली. (सुटली. झाली नव्हे. चूक कंपोझिटर करतो, मुद्रितशोधकाच्या नजरेतून ती फक्त सुटते. हा फरक छापखान्यात मी सोडून कुणालाही कळत नाही.)

गायनाच्या क्लासचं हँडबिल. हवं होतं, 'येथे गळा तयार करून मिळेल.' छापून गेलं, 'येथे गाळा तयार करून मिळेल.' एका कान्याने घात केला. दोन हजार प्रती वाटून झाल्यावर कळलं.

दुपारी गायनमास्तर छापखान्यात शिरले तेव्हा राजीनामा मनात तयार होता. शुद्ध, सुटसुटीत, सहा ओळींचा. पण मास्तर हसत होते आणि हातात बिस्किटांचा डबा होता. म्हणाले, अहो, आठ दिवसांत गाणं शिकायला एक माणूस फिरकला नाही, पण गाळा बघायला चौदा आले. माझी खालची खोली दहा वर्षं रिकामी पडली होती, ती मलाच आठवत नव्हती. घड्याळवाल्याने घेतली. त्याची बायको वरचा आवाज ऐकून जिना चढून आली ती क्लासलाच बसली. आता तिच्या दोघी बहिणी यायच्यात.

मालक म्हणाले, रफारकाका, अशी एखादी चूक महिन्यातून एकदा करत जा. बाइंडरने टाळ्या वाजवल्या. (छापखान्यात मला रफारकाका म्हणतात. आदराने.)

घरी येताना विचार केला. मोठ्या गोष्टी माणसाला ठरवून मिळत नाहीत, वाट चुकल्यावर मिळतात. आणि आपण? आपण दारं लावून बसतो, कड्या घालतो, आणि मग भाग्य आलं नाही म्हणून ओरडतो! धिक्कार असो अशा कडीबंद जगण्याचा! (हे वाक्य कुठेतरी व्याख्यानात वापरता येईल.)

आजपासून अनपेक्षित भाग्यासाठी संपूर्ण ओपन राहायचं. संकल्प चार. रोज वेगळ्या रस्त्याने कामावर जायचं. अनोळखी माणसाला नाही म्हणायचं नाही. सुट्टीच्या दुपारी घराचं दार सताड उघडं. आणि छापखान्याबाहेर कुणाचीही चूक काढायची नाही. चौथा सर्वांत सोपा.

अक्काला सांगितलं. ती थोरली बहीण, बायको गेल्यापासून बारा वर्षं माझं घर सांभाळते, त्यामुळे मी तिला कळतो असा तिचा समज आहे. म्हणाली, दार उघडं ठेवलंस तर माशा येतील.

३ सप्टेंबर, मंगळवार

नवा रस्ता. पाण्याच्या टाकीवरून. उत्साह प्रचंड.

वाटेत शिंप्याचं दुकान. पाटी : 'कपडे शिवुन मिळतील.' वु ऱ्हस्व! पाहिलं आणि पुढे गेलो. मनोनिग्रह म्हणतात तो हाच. दहा पावलांवर थांबलो, कारण आपला निग्रह खरंच टिकतोय का हे परत जाऊन तपासणं आवश्यक वाटलं. परत गेलो. चूक काढली नाही. शिंप्याला फक्त विचारलं की हे असं मुद्दाम लिहिलंय का. तो म्हणाला, कापड आणलंय? म्हटलं, नाही. म्हणाला, वीस वर्षं हीच पाटी आहे काका, लोक कपडे घालतात, पाटी घालत नाहीत.

मग दीर्घ ऊकाराचा इतिहास थोडक्यात सांगावा लागला. छापखान्यात पंचवीस मिनिटं उशीर.

याला संकल्प मोडणं म्हणता येणार नाही. दुकान छापखान्याबाहेरचं असलं तरी रस्ता छापखान्याकडेच जाणारा होता.

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळेच्या दारात लांबलचक रांग दिसली. कशाची, ते विचारलं नाही. विचारलं की योगायोग मरतो. सरळ उभा राहिलो. पुढच्या म्हाताऱ्यानेही विचारलं नव्हतं. म्हणाला, एवढे लोक उभे आहेत म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. थोर माणूस.

चाळीस मिनिटांनी कळलं, डोळे तपासणी.

डॉक्टर पोरसवदा बाई. हातात बारीक टाइपातलं कार्ड दिलं, म्हणाली वाचा. वाचलं : 'आई मुलाला घेऊन बाजारात गेली.' ती म्हणाली, काका, नीट बघा. बघितलं. छापलेलं होतं 'गेले'. म्हटलं, हे चूक आहे, गेली हवं. म्हणाली, मी व्याकरण तपासत नाहीये, डोळे तपासते आहे. जे आहे ते वाचा. जे असायला हवं ते वाचू नका. तुम्ही सगळं अंदाजाने वाचता.

मी! अंदाजाने!

कार्डाची दुरुस्त प्रत करून देतो म्हटलं. म्हणाली, पुढचे या. चष्म्याचा नवा नंबर लिहून दिला आहे. कागद खिशात आहे. चष्मा करणार नाही. रफार मला दहा फुटांवरून दिसतो.

८ सप्टेंबर, रविवार

दुपारी २ ते ५ दार उघडं. आलेले पुढीलप्रमाणे : मांजर. पुन्हा तेच मांजर. शेजाऱ्यांकडचा पाहुणा, चुकून. माशा. (अक्काने मुद्दाम मोठ्याने मोजल्या.)

पाहुणा चूक कळल्यावरही उठेना. संकल्प दोन आठवून बसवून घेतला. पाणी प्याला. विचारलं, मुलंबाळं? म्हटलं, एक मुलगी. कुठे असते? म्हटलं, फार लांब. तर अक्का आतून म्हणाली, लांब कसली, बसने चार तास.

अक्काला मध्ये बोलायची काही गरज नव्हती.

ठकूबद्दल या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. विषय निघालाच आहे तर फक्त वस्तुस्थिती नोंदवतो. मुलगी कॉलेजसाठी बाहेर राहायला गेली. दर आठवड्याला पत्र लिहायची. मी प्रत्येक पत्र लाल शाईने दुरुस्त करून, मार्क देऊन, परत पाठवायचो. कोणता बाप एवढे कष्ट घेतो? कितीदा समजावलं, 'पर्वा' म्हणजे फिकीर. तिच्या डोक्यावर रफार असतो. 'परवा' म्हणजे दिवस, त्याला रफार नसतो. पण नाही. फिकीर लिहायची तरी 'परवा'च लिहायची. उदाहरण म्हणून सात वर्षांपूर्वीचं तिचं शेवटचं पत्र : 'बाबा, मी लग्न करते आहे. तुम्ही रागवाल. तुमच्या रागाची मला परवा नाही, पण तुमची आहे.' एका वाक्यात तीच चूक. रफार दिला, दहापैकी सहा मार्क दिले, परत पाठवलं.

त्यानंतर पत्र नाही. सहा काही वाईट मार्क नाहीत.

मला त्याचं काही वाटत नाही. पाहुणा गेल्यावरही दार सात वाजेपर्यंत उघडं ठेवलं. हवा बरी होती म्हणून.

१० सप्टेंबर, मंगळवार

आलं! ठकूचं पत्र आलं!

दार उघडं होतं, पोस्टमनने पत्र आत टाकलं. (बंद असतं तरी फटीतून टाकतो. पण आज उघडं होतं, हे विसरून चालणार नाही.)

चार पानं. सारांश : जावयांची बदली झाली आहे, परदेशी, बहुधा कायमची. पुढच्या बुधवारी, अठरा तारखेला, जाताना त्यांना आमच्या स्टेशनावर गाडी बदलायची आहे. सकाळी आठ ते दहा, दोन तास, वेटिंग रूममध्ये असतील. मुलगी चार वर्षांची आहे. तिला आजोबा बघायचे आहेत. अक्काआत्याला आणा. तिकडचा पत्ता अजून हातात नाही, मिळाला की भेटीत लिहून देईन.

मला नात आहे. चार वर्षं झाली, मला नात आहे.

चुका नऊ. दुरुस्त केल्या नाहीत! फक्त मोजल्या. मोजणं म्हणजे दुरुस्त करणं नव्हे. समासात पेन्सिलीने बारीक टिंबं दिली आहेत, ती रबराने जातात.

अक्काने पत्र ऐकलं. कपाटातून निळं कापड काढलं आणि मशीनवर बसली. म्हटलं, माप कुठे आहे? म्हणाली, चार वर्षांची म्हणजे चार वर्षांची. मग समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी बोलावून तिला टेबलावर उभी केली. ती मुलगी पाच वर्षांची आहे. अक्का म्हणाली, दोन बोटं आत घेते, वाढत्या अंगाला होईल.

माझी थिअरी सिद्ध झाली. आठ दिवस मोकळं राहिलो आणि हे! अजून काय पुरावा हवा?

१२ सप्टेंबर, गुरुवार

उत्तर लिहिलं. मसुदे पाच. पहिला फार भावनाप्रधान झाला, त्यात स्वल्पविरामच राहिले नव्हते. फाडला.

अंतिम मसुदा संयमी आहे. येतो असं लिहिलं. मात्र भेटीआधी एक मुद्दा स्पष्ट असावा म्हणून शेवटी जोडलं : 'सात वर्षांत तू एका शब्दाने विचारपूस केली नाहीस. मी स्टेशनावर आलो काय आणि न आलो काय, तुला पर्वा आहे का? एका ओळीत कळव.'

अक्का म्हणाली, ही ओळ काढ. म्हटलं, वाक्य शुद्ध आहे. म्हणाली, शुद्ध आहे रे, पण काढ. म्हटलं, स्वाभिमान नावाची एक गोष्ट असते. अक्का म्हणाली, असते ना, तीच आजवर जेवायला वाढते आहे तुला.

ओळ ठेवली. पेटीत टाकण्यापूर्वी 'पर्वा'वरचा रफार पुन्हा एकदा गिरवला. पोरीसमोर नमुना असलेला बरा.

१४ सप्टेंबर, शनिवार

नातीसाठी अक्षरओळखीचं चित्रमय पुस्तक आणलं. रंग उत्तम. घरी येऊन पाहतो तर सतरा चुका! लहान मुलांच्या पुस्तकात! ही पिढी काय वाचून मोठी होणार? बसून सगळ्या लाल शाईने दुरुस्त केल्या. 'ऊस'च्या उसाला ऱ्हस्व उ होता, तो दीर्घ करताना चित्रातल्या उसावर जरा शाई गेली.

अक्का म्हणाली, पोरीला पुस्तक देतोयस की निकाल?

स्टेशनावर बोलायच्या चार शब्दांची तयारी केली. घड्याळ लावून म्हणून पाहिले. बारा मिनिटं. सुरुवात क्षमाशीलतेवर, मध्ये भाषेवर, शेवट नातीच्या डोक्यावर हात ठेवून. दोन तासांत बारा मिनिटं जास्त नाहीत. अक्का भाजी निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, पोरगी मध्येच रडली तर कुठून पुन्हा सुरू करणार?

हा विचार केला नव्हता. सातव्या मिनिटानंतर एक जागा ठेवली आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २

कामाच्या वेळेत वही काढली आहे. रागाने.

एक वाजता बसचा ड्रायव्हर छापखान्यात आला. ठकूच्या बिऱ्हाडाखाली राहतो. सकाळी तिकडून निघतो, दुपारी इथे, तीनला परत. ठकूची चिठ्ठी घेऊन आला. वहीचं फाडलेलं पान, पेन्सिल, घाईचं अक्षर. जशीच्या तशी उतरवतो :

'बाबा, परवा नाही. उद्याच निघतो आहोत. तुम्हाला जमलं तर. ठकू.'

परवा नाही!

मी काय विचारलं होतं? तुला पर्वा आहे का? एका ओळीत कळव. कळवलं. पोरीने कळवलं! बापाने सरळ प्रश्न विचारला, लेकीने सरळ उत्तर दिलं. पर्वा नाही. वर एक दिवस आधीच निघताहेत. जमलं तर या म्हणे, म्हणजे नाही आलात तरी चालेल. आणि एवढं तोडून लिहिताना रफार? तो नाहीच! सात वर्षं गेली, लग्न झालं, मूल झालं, परदेशी चालली, पण तो रफार काही हिच्या हाती लागला नाही! अहो, नातं तोडायचं तर निदान शुद्ध तरी तोडा!

ड्रायव्हर तारखेचं, तिकिटांच्या घोळाचं काहीतरी सांगत होता. माझं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, ताई म्हणाल्यात, उत्तर घेऊनच या.

लाल पेन काढलं. 'परवा'तला र काटला. वा-वर रफार दिला. ठळक. बाकी चिठ्ठीत चूक नव्हती. खाली सवयीने, प्रूफवर करतो तशी सही केली : 'तपासले. बाबा.' घडी घालून ड्रायव्हरच्या हातात दिली.

तो म्हणाला, एवढंच? म्हटलं, एवढंच. तिला कळेल.

संध्याकाळी ६

अक्काला सांगितलं नाही. ती फ्रॉकला बटणं लावते आहे. तिला उगाच त्रास नको. छोट्या चार पांढऱ्या बटणांसाठी तिने अख्खा डबा पालथा घातला होता.

उद्या स्टेशनावर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १२

आज नव्या रस्त्याने गेलो. संकल्प एक. तो रस्ता स्टेशनावरून जातो, हा निव्वळ योगायोग.

आठ पन्नास. आत जायचं कारण नव्हतं, पण स्टेशनावरच्या पाट्या बरेच दिवस पाहायच्या होत्या. प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. वजनाच्या मशीनमागे उभा राहिलो, तिथून पाट्या चांगल्या दिसतात. वेटिंग रूमची खिडकीही दिसते.

ठकूने केस कापले आहेत. मान वळवते ती थेट तिच्या आईसारखी. जावई उंच आहे, सारखा सामान मोजत होता. ट्रंकांवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत पत्ता घातलेला होता. मशीनपासून तो काही लागला नाही. धूसर दिसत होता. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणतात, असेलही.

ठरवलं, ठकूने आपणहून, अचानक, मान वर करून इकडे पाहिलं तर जायचं. योगायोगाला पूर्ण संधी द्यायची. अट अवघड नव्हती. माणूस तासाभरात एकदा तरी मान वर करतो.

तिने केली नाही. तिच्या हातात एक कागद होता. घडी उलगडायची, बघायची, घडी घालायची. परत उलगडायची.

नातीचा स्वेटर पिवळा. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीपेक्षा बारीक आहे. दोन बोटं नाही, चार बोटं आत घ्यायला हवी होती. ती बाकावर उभी राहून खिडकीबाहेर बघत होती. माझ्याकडे बघितलं. हात हलवला.

कुणाला हलवते आहे ते पाहायला मी मागे वळलो. मागे कुणी नव्हतं. भिंत होती, भिंतीवर गाड्यांचं टाइम-टेबल. त्यात 'आगमण' लिहिलं होतं. आगमनाचा न चुकलेला. एवढ्या मोठ्या स्टेशनावर, एवढ्या ठळक अक्षरांत. पुन्हा वळलो तेव्हा हमाल ट्रंका उचलत होता.

गाडी दहाला सुटली. मी हात वर केला. शेवटच्या डब्याने पाहिला असेल.

छापखान्यात पोचायला उशीर झाला.

१८ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ९

अक्का सात वाजता तयार. ठेवणीतलं नेसली होती. पिशवीत फ्रॉक, पुस्तक, पाण्याची बाटली. म्हणाली, चल रे, आठला पोचायचं ना.

तिला कळवायचं राहिलंच होतं. सांगितलं. ते काल गेले. ठकूने चिठ्ठी पाठवली होती, तिला आपली पर्वा नाही, तसं तिने स्पष्ट लिहिलं होतं.

अक्का खुर्चीत बसली. म्हणाली, चिठ्ठी कुठे आहे? म्हटलं, दुरुस्त करून परत पाठवली. म्हणाली, शब्द काय होते ते सांग. तुझे नको, तिचे.

तोंडपाठ होते. म्हटलं, बाबा, परवा नाही. उद्याच निघतो आहोत.

अक्का म्हणाली, मग? सोमवारी चिठ्ठी आली. सोमवारी परवा म्हणजे आज. आज नाही निघत, काल निघतोय, असं पोरीने कळवलं. त्यात न कळण्यासारखं काय होतं?

म्हटलं, अक्का, तो दिवस नव्हे. ती पर्वा. रफारवाली. तिचा रफार नेहमी सुटतो.

अक्का म्हणाली, पुन्हा म्हण. म्हटलं. म्हणाली, आता ती दुसरी म्हण, तुझी रफारवाली. म्हटलं. तीनतीनदा म्हणायला लावलं. दोन्ही सारखेच येतात. कानाला रफार ऐकू येत नाही. एकतीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. अक्का चौथी शिकलेली आहे.

मग म्हणाली, तू त्यावर काय लिहून पाठवलंस?

रफार दिला, असं सांगितलं. र काटला. आणि खाली सही केली.

अक्काने ते सावकाश, अक्षर लावत वाचतात तसं, हवेत वाचून दाखवलं. पर्वा नाही. बाबा.

म्हणाली, अरे, तिने दिवस कळवला. तू उत्तर कळवलंस.

सकाळी ११

छापखान्यात गेलो नाही. ठकूचं चार पानी पत्र पुन्हा काढलं. टिंबं नऊ. तिसऱ्या पानावर टिंब नसलेलं एक वाक्य आहे. त्या दिवशी मी चुका शोधत होतो, त्यामुळे ते वाचलं नव्हतं. 'सात वर्षं मीही हट्ट केला, बाबा. आता कोण आधी झुकलं याची पर्वा वाटत नाही, म्हणून मीच लिहिते आहे.'

पर्वा. रफार आहे. दोनदा गिरवलेला. कागद उजेडात धरला तर मागून उठाव लागतो.

दुपारी ४

शेवटी छापखान्यात गेलोच. एकला ड्रायव्हर आला. विचारलं, चिठ्ठी दिलीस? म्हणाला, दिली ना, त्याच संध्याकाळी. ताई खालीच वाट बघत होत्या. विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाला, आधी हसल्या, म्हणाल्या, लाल शाई अजून तीच आहे. मग पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, एवढंच दिलं? मी म्हटलं, एवढंच. मग म्हणाल्या, बरं झालं, एकदाचं उत्तर तरी आलं.

नवा पत्ता? त्याला माहीत नाही. घर रिकामं करून गेले. जावयांच्या ऑफिसात विचारून बघतो म्हणाला, पण तेही ऑफिस आता दुसरीकडे हलणार आहे म्हणे.

गायनमास्तरांचं नवं हँडबिल प्रूफला आलं आहे. त्यांना या वेळी गळा आणि गाळा दोन्ही हवेत. मालक जाता जाता म्हणाले, रफारकाका, या महिन्याची चूक राहिली हं तुमची.

म्हटलं, झाली.

संध्याकाळी ७

दार उघडं आहे. माशा आल्या, अक्काने मोजल्या नाहीत. तिने फ्रॉक उसवला नाही. घडी घातली, पुस्तक त्यात ठेवलं आणि कपाटात वरच्या फळीवर टाकलं. मी सांगितलं, पिवळा स्वेटर होता, बारीक आहे, चार बोटं आत घ्यावा लागला असता. तेव्हा तिला कळलं की मी गेलो होतो. माझ्याकडे बघत राहिली. विचारलं, तिने तुला पाहिलं? म्हटलं, पाहिलं. हात हलवला. मग तू काय केलंस?

मागे वळून पाहिलं, हे सांगितलं नाही.

मघाशी वाढताना तिने विचारलं, पत्ता कधी कळेल रे? म्हटलं, कळेल. उद्या-परवा.

आता ते इथे लिहून घेतलं. उद्या-परवा. रफार नाही. दोनदा तपासलं.